ग्रीनकार्ड, सहा महिने आणि नेरुळचं घर

नेरुळला आमच्या ओळखीचं एक वयस्क जोडपं राहतं. चाचा राज्य शासनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले, चाचींनी सगळं आयुष्य घर सांभाळण्यात घालवलेलं. मूळ गाव म्हसळा तालुक्यात. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत, आता अमेरिकेचा नागरिक. सहा वर्षांपूर्वी त्यानं आईवडिलांचं ग्रीनकार्ड करून घेतलं. तेव्हा सोसायटीत पेढे वाटले गेले होते.

त्यांच्या घरात दाराजवळ बँकेचं एक कॅलेंडर टांगलेलं असे आणि त्यावर लाल पेनानं एका तारखेभोवती गोल केलेला असे. ती तारीख ईदची नव्हती, कुणाच्या निकाहची नव्हती, डॉक्टरच्या भेटीचीही नव्हती. अमेरिकेतून परतल्यापासून १८० दिवस कधी पूर्ण होतात, ती ती तारीख. त्याच्या आठवडाभर आधी बॅगा भरायच्या, बावीस-तेवीस तासांचा प्रवास करायचा, तिकडे तीन-चार आठवडे राहायचं आणि परत यायचं. परत आल्यावर नव्या तारखेभोवती नवा गोल.

या गोलाची किंमत काय, ते गेल्या वर्षी कळलं. चाचांचे थोरले भाऊ गावी वारले तेव्हा चाचा न्यू जर्सीत होते. मुलाकडे कुणी आजारी नव्हतं, सुनेचं बाळंतपण नव्हतं. कार्ड जिवंत राहावं म्हणून ते गेले होते. ज्या भावानं बोट धरून शाळेत नेलं, त्याचा जनाजा त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. चाचींच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं, कारण ऑपरेशननंतरच्या विश्रांतीच्या काळात ती लाल तारीख येत होती.

आणि एवढं करूनही कार्ड सुरक्षित नव्हतंच. एकदा अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचे शिक्के पाहिले आणि दुभाष्यामार्फत साधा प्रश्न विचारला, “तुम्ही राहता कुठं?” चाचांनी सरळ सांगितलं, “नेरुळ, नवी मुंबई.” त्यांना वेगळ्या खोलीत बसवलं गेलं. दोन तासांनी सोडलं, पण ताकीद देऊन: हे कार्ड इथं राहणाऱ्यांसाठी आहे, भेटायला येणाऱ्यांसाठी नाही. पुढच्या वेळेपर्यंत काय ते ठरवा.

पनवेल, खारघर, तळोजा, वाशी, शेजारी कौसा-मुंब्रा इथं राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत आज हाच प्रश्न आहे. कुणाचं कार्ड अमेरिकेचं, कुणाचं कॅनडाचं, कुणाची ब्रिटनची कायम वास्तव्याची परवानगी. मुलं तिकडे, आईवडील इकडे, आणि मध्ये एक कार्ड. ते टिकवायचं कसं, आणि टिकवायचं का, या दोन्हींचा विचार एकत्र करायला हवा.

सहा महिन्यांचा समज आला कुठून?

“सहा महिन्यांच्या आत एक चक्कर मारली की झालं,” हे वाक्य आपल्या घरांत इतकं रुजलंय की त्याची कुणी शहानिशा करत नाही. माझ्या मते ते अमेरिकेतून आलेलं नाही, आखातातून आलंय.

कोकणातल्या मुस्लिम घरांनी दोन-तीन पिढ्या कुवेत, दुबई, दोहा, सौदी इथं घाम गाळला. पनवेल-तळोज्याकडची कितीतरी घरं त्या पैशावर उभी राहिली. त्या देशांत आपल्याला मिळतो तो अकामा, म्हणजे मुदतीचा रहिवास, आणि तो बहुधा नोकरी आणि कफीलशी बांधलेला असतो. तिथला नियम गणिताचा आहे. संयुक्त अरब अमिरातीत साधा रहिवासी व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर व्हिसा रद्द होतो. त्यानंतर सबळ कारण दाखवून परतीचा परवाना मागावा लागतो. तिथला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा असणाऱ्यांना मात्र ही अट नाही. कुवेतमध्येही खासगी नोकरीच्या अकाम्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. सौदीत एक्झिट-रीएन्ट्रीवर लिहिलेली मुदत पाळावी लागते. तिथं तुमचं मन कुठं आहे हे कुणी विचारत नाही. तारीख चुकली की अकामा गेला, तारीख पाळली की राहिला.

हेच गणित घेऊन आपण अमेरिकेच्या कार्डाकडे पाहतो आणि फसतो. तिथं दिवस मोजले जातात हे खरं, पण खरा सवाल दिवसांचा नाही, इराद्याचा आहे. तुमचं कायमचं घर अमेरिकेत आहे का, आणि बाहेर गेलात ते तात्पुरतं का, हे पाहिलं जातं. दर साडेपाच महिन्यांनी तीन आठवडे जाणारा माणूस एकदाही १८० दिवसांची रेषा ओलांडत नाही. तरी त्याचे शिक्केच सांगतात की हा राहतो भारतात आणि भेटीला येतो अमेरिकेत.

आपल्याला हा फरक कळायला खरं तर अवघड जाऊ नये. अकामा हा शब्द अरबीतल्या इकामा या शब्दावरून आला आणि मुकीम हा शब्दही त्याच कुळातला. प्रवासात नमाज कसर करायची की पूर्ण पढायची, हे आपण कसं ठरवतो? मुक्कामाच्या नियतीवरून. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याची नियत केली, हनफी मसलकात पंधरा दिवसांची केली, की माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो. दिवस मोजले जातात, पण आधी नियत पाहिली जाते. अमेरिकेचा कायदा वेगळ्या कारणासाठी का होईना, असाच प्रश्न विचारतो: तू इथं मुकीम आहेस की मुसाफिर?

हे दुखणं नवं नाही

परदेशातला रहिवास टिकवण्यासाठी तारखेच्या मागे धावणं आपल्या समाजाला शंभर वर्षांहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊ लागले. कुणी दुकानात, कुणी मजुरीवर. बायकामुलं गावी. केप वसाहतीनं १९०२ मध्ये आणि मग १९०६ मध्ये कायदे करून हिंदी लोकांचं येणं आवळलं. १९०६ नंतर तिथं राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी यायचं तर तात्पुरत्या गैरहजेरीचा परवाना काढावा लागे. त्यावर फोटो आणि बोटांचे ठसे असत. परवान्यावर मुदत लिहिलेली असे आणि त्या मुदतीत परतला नाही तर केपमध्ये परत शिरण्याचा हक्क जाई.

कल्पना करा. दाभोळ किंवा बाणकोटच्या खाडीकाठी आई आजारी आहे, पावसाळ्यात बोटी बंद आहेत, आणि खिशातल्या कागदावरची तारीख जवळ येतेय. आजचा अमेरिकेचा रीएन्ट्री परमिट घेऊन नेरुळला बसलेला माणूस आणि तेव्हाचा तो खलाशी-मजूर, दोघांची घालमेल सारखीच. फरक एवढाच की तो पोटासाठी धावत होता. आपण कशासाठी धावतो आहोत, हे आपल्याला विचारायला हवं.

अमेरिका: नियम नेमके काय?

ग्रीनकार्डावर साधारण दहा वर्षांची मुदत छापलेली असते. ती कार्डाची मुदत आहे, हक्काची नव्हे. कार्डाची मुदत संपली म्हणून हक्क आपोआप जात नाही. आणि मुदत शिल्लक आहे म्हणून हक्क शाबूत आहे असंही नाही.

बाहेरचा मुक्काम १८० दिवसांच्या आत असेल तर परतताना सहसा त्रास कमी होतो. १८० दिवस ओलांडले की तुम्ही जणू नव्यानं प्रवेश मागताय असं धरून चौकशी होऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर नुसतं कार्ड प्रवेशासाठी चालत नाही.

वर्षाहून जास्त बाहेर राहावं लागणार हे आधीच माहीत असेल, समजा आईचं आजारपण आहे, घराचा पुनर्विकास चाललाय, तर निघण्यापूर्वी रीएन्ट्री परमिट मागावा. त्यासाठी आय-१३१ हा फॉर्म भरतात. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असणं बंधनकारक आहे. नेरुळहून तो करता येत नाही. बोटांचे ठसे आणि फोटोही तिथंच द्यावे लागतात. त्यानंतर निघालात तरी चालतं. हा परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. गेल्या पाच वर्षांपैकी चारपेक्षा जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर बहुधा एकाच वर्षाचा मिळतो. आणि परवाना हातात असला म्हणजे आत घेतीलच अशी हमी नाही. बाहेरचा मुक्काम तात्पुरता होता, याचा तो एक पुरावा आहे, एवढंच.

काही वेळा माणूस खरोखर अडकतो. २०२० चा मार्च आठवा. भारतानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली आणि नियमित उड्डाणं पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. मधल्या काळात वंदे भारतसारख्या खास फेऱ्या होत्या, पण वयस्क, आजारी माणसांना त्या कुठं झेपणार? अशा, आपल्या हाताबाहेरच्या कारणानं वर्ष उलटलेल्यांसाठी परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा आहे, त्याला एसबी-१ म्हणतात. तो अमेरिकी वकिलातीकडे मागावा लागतो. आजारपणाची कागदपत्रं, रद्द झालेली तिकिटं, डॉक्टरची चिठ्ठी आणि मुख्य म्हणजे परतण्याचा इरादा कायम होता याचे पुरावे लागतात. “जमलं नाही” हे कारण पुरत नाही.

इरादा सिद्ध होतो तो कागदांनी. तिथं भाड्याचं किंवा मालकीचं घर, चालू बँक खातं, वाहन परवाना, आरोग्य विमा, दरवर्षी भरलेलं प्राप्तिकराचं विवरणपत्र. मुलाच्या घरातली पाहुण्यांची खोली हे स्वतःचं घर असल्याचा पुरावा म्हणून दुबळी पडते.

आणखी एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. विमानतळावर अधिकाऱ्यानं आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करण्याची सक्ती नसते. तो कार्ड स्वखुशीनं सोडल्याचा फॉर्म आहे. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा तुमचा हक्क आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर घाईनं सही करू नका. दुभाषी मागा, मुलाला फोन करू द्या असं म्हणा. मात्र फॉर्म कशाचा आहे हे समजून-उमजून, शांतपणे सही करायची असेल तर ती गोष्ट वेगळी. त्याकडे पुढे येऊ.

नागरिकत्व घेतलं की ही धावपळ संपते, पण त्याचीही अट आहे. साधारणपणे कार्डावर पाच वर्षं आणि त्यातले निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. एकाच वेळी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलगतेवर प्रश्न उभा राहतो, वर्षभर राहिलात तर सलगता तुटते, रीएन्ट्री परमिट असला तरी. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं; मग ओसीआय कार्ड काढावं लागतं आणि त्यावर इथं मतदान करता येत नाही.

कराकडे दुर्लक्ष नको

कार्ड जपणाऱ्या बहुतेक वडीलधाऱ्यांना हा भाग कुणी सांगतच नाही. ग्रीनकार्ड हातात आहे तोवर अमेरिकेच्या दृष्टीनं तुम्ही कराच्या बाबतीतही तिथले रहिवासी आहात. म्हणजे इथलं पेन्शन, पनवेलच्या गाळ्याचं भाडं, मुदतठेवीचं व्याज, हे सगळं तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्यांची वेगळी माहिती, म्हणजे एफबार, द्यावी लागते. निवृत्तीच्या रकमेची एक मुदतठेव असली तरी ही रेषा सहज ओलांडली जाते.

दुहेरी कर टाळण्यासाठी दोन देशांत करार आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन्हीकडे पूर्ण कर भरावा लागेलच असं नाही. पण न दाखवणं हा गुन्हा ठरू शकतो. कर वाचावा म्हणून तिथं स्वतःला “अनिवासी” लिहिलंत तर कार्ड सोडल्याची ती खूण मानली जाऊ शकते. गेल्या पंधरापैकी आठ वर्षांत कार्ड असेल आणि मालमत्ता मोठी असेल, तर कार्ड सोडताना वेगळे कर-नियम लागू होतात. नवी मुंबईतल्या जमिनीचे आणि फ्लॅटचे आजचे भाव पाहता हे हसण्यावारी नेऊ नका. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सनदी लेखापालाला विचारा.

कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया

कॅनडाचा नियम पुन्हा गणिताचा आहे, पण आखातापेक्षा उदार. मागच्या पाच वर्षांत मिळून ७३० दिवस कॅनडात असायला हवेत. ते सलग असण्याची गरज नाही. नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक असेल आणि तुम्ही तिच्यासोबत परदेशात राहत असाल, तर ते दिवसही धरले जातात. नागरिक मुलासोबत भारतात राहिलेल्या आईवडिलांना मात्र ही सवलत नाही. पीआर कार्डाची मुदत भारतात असताना संपली तर हक्क लगेच जात नाही, पण विमानात बसण्यासाठी आधी प्रवासाचा खास दस्तऐवज काढावा लागतो आणि तेव्हा दिवसांचा हिशेब होतो. दिवस कमी भरले तर आजारपणासारखी मानवी कारणं मांडता येतात आणि निर्णय विरोधात गेला तर अपील करता येतं.

ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी असलेला माणूस सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिला तर ती संपते. मग परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो. तिथली जुनी प्लॅस्टिकची कार्डं बहुतांशी २०२४ च्या अखेरीस संपली आणि नोंद ऑनलाइन झाली. आईवडिलांचं खातं मुलाच्या ई-मेलवर उघडलेलं असतं, म्हणून पासवर्ड निदान त्यांच्याकडेही लिहून ठेवावा. ऑस्ट्रेलियात कायम रहिवास सहसा टिकतो, पण परत येण्याची सोय पहिल्या पाच वर्षांपुरतीच असते. पुढे रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो आणि पाचपैकी दोन वर्षं तिथं काढलेली असतील तर तो सोप्यानं मिळतो.

“न्यू जर्सी म्हणायचं होतं!”

चाचा ताकीद घेऊन परतले तेव्हा भेटायला आलेल्या बऱ्याच जणांनी त्यांनाच वेड्यात काढलं. राहता कुठं विचारलं तर न्यू जर्सी म्हणायचं, संपलं! चाचींनाही क्षणभर तसंच वाटलं. चाचा एवढंच म्हणाले, “साठ वर्षं नमाज पढून काउंटरवर खोटं बोलायचं, तेही एका कार्डासाठी?”

हा मुद्दा आपण गंभीरपणे घ्यायला हवा. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा हुकूम आहे. ग्रीनकार्ड हाही एक करार आहे. आम्हाला इथं कायम राहायचंय असं सांगून आपण तो घेतो. परिस्थिती बदलते, माणसाचं मन रमत नाही, यात पाप काही नाही. पण राहायचं नाही हे मनात पक्कं असताना राहतो असं सांगत राहणं ही अमानतीत खयानत आहे. व्यवहाराच्या दृष्टीनंही ते महागात पडतं. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पुढचे व्हिसाही अडचणीत येतात आणि भेटीचाही रस्ता बंद होऊ शकतो. खरं बोललेल्या माणसाचं कार्ड गेलं तरी त्याच्यासाठी दार पूर्ण बंद होत नाही.

तीन रस्ते

मग करायचं काय? घरात बसून, मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन, तीन रस्त्यांपैकी एक निवडायचा.

पहिला, खरोखर तिकडे राहायला जायचं. तळोज्याच्या एका बेवा खालांनी हेच केलं. एकुलती एक मुलगी टोरांटोला, इथं जवळचं कुणी नाही. त्यांनी घर भाड्यानं दिलं, दिवस भरले, आणि आता तिथल्या मशिदीत लहान मुलांना कायदा शिकवतात. त्यांच्यासाठी कार्ड ही नेमत ठरली.

दुसरा, राहायचं तिकडेच आहे पण आत्ता इथं काही काळ लागणार आहे. अशांनी निघण्यापूर्वीच परवाना काढावा, कागदपत्रं जपावीत, परतीची मुदत घरातल्या सगळ्यांना माहीत असावी.

तिसरा, घर इथंच आहे आणि तिकडे फक्त भेटायला जायचंय. मग आय-४०७ भरून कार्ड सन्मानानं परत करता येतं आणि पर्यटक व्हिसा मागता येतो. भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि प्रत्येक भेटीत साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. व्हिसा मिळेलच अशी हमी नाही आणि मुलाखतीच्या तारखेसाठी थांबावं लागतं, हे धरून चला. पण कार्ड स्वतःहून परत केल्याची नोंद असली की भेटून परत येणार या तुमच्या शब्दाला वजन येतं. कॅनडाला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तर सुपर व्हिसा आहे, त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं.

आणि कार्ड एकदा सोडलं की कायमचं गेलं, ही भीतीही पूर्ण खरी नाही. एकवीस वर्षांवरचा अमेरिकी नागरिक मुलगा आईवडिलांसाठी पुन्हा अर्ज करू शकतो आणि आईवडिलांना त्या कोट्याच्या लांबलचक रांगेत थांबावं लागत नाही. पुन्हा खर्च होतो, वेळ जातो, नियमही बदलू शकतात. तरी उद्या खरोखर तिकडे राहण्याची गरज पडली तर हा दरवाजा आहे.

कोणताही रस्ता घेण्यापूर्वी घरात एवढं करून ठेवा:

– गेल्या पाच वर्षांतलं येणं-जाणं तारखांसह एका वहीत लिहा. पासपोर्ट नवा केला असेल तर जुनाही जपून ठेवा.
– भारतीय पासपोर्टची मुदत पाहा. कार्ड शाबूत पण पासपोर्ट संपलेला, असं बऱ्याच घरांत होतं.
– राज्य शासनाचं पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याची तारीख प्रवासाशी टक्कर घेणार नाही असं पाहा. डिजिटल दाखल्याची सोयही आहे.
– सल्ला त्या-त्या देशातल्या परवानाधारक वकिलाकडून घ्या. “आपला माणूस आहे, करून देतो” म्हणणाऱ्या एजंटाकडून नको.
– मोठं ऑपरेशन, निकाह, हज यांच्या तारखा आधी ठरवा आणि प्रवास त्यांच्याभोवती बसवा. उलटं करू नका.

नेरुळचा निर्णय

चाचा-चाचींचा फैसला बकरीईदनंतर झाला. कॉलवर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अब्बा, मला वाटायचं कार्ड गेलं तर तुम्ही माझ्यापासून लांब जाल. म्हणून मी तुम्हाला दर वेळी बोलावत राहिलो.” चाची म्हणाल्या, “बेटा, आम्ही तुझ्यासाठी येत होतो. पण आलो की तारखाच मोजत बसायचो. तुझ्या पोरांबरोबर नीट बसलो कधी?”

बरीच वर्षं हे दोघं एकमेकांची मर्जी राखत होते आणि मनातलं कुणीच बोललं नव्हतं. मुलाला वाटे, आईवडिलांना कार्ड हवंय. आईवडिलांना वाटे, मुलाला वाईट वाटेल. आईवडिलांशी नरमाईनं वागा हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात त्यांना मोकळेपणानं “नको” म्हणू देणंही येतं.

त्यांनी तिसरा रस्ता घेतला. फॉर्म भरून कार्ड पाठवून दिलं, पोचपावती फाइलला लावली. चाचींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अल्हमदुलिल्लाह त्या आता आधाराशिवाय चालतात. पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळालीय, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. व्हिसा मिळाला तर पुढच्या उन्हाळ्यात नातवंडांच्या शाळेच्या सुट्टीत जायचं, पोट भरून राहायचं आणि परत यायचं. नाही मिळाला तर मुलगा येईल. गावी भावाच्या कबरीवर फातेहा पढायला मात्र ते लगेचच जाऊन आले.

कॅलेंडर अजून दाराजवळच आहे. लाल गोलही आहे, पण तो आता पुतणीच्या निकाहच्या तारखेभोवती.

आपल्यापैकी ज्यांची मुलं दूर आहेत, त्यांना अल्लाह आपल्या माणसांची सोबत नसीब करो, आणि जिथं राहायचं ते घर स्पष्ट नियतीनं निवडण्याची तौफीक देवो. आमीन.